पिनियनचं बेअरिंग

"तुझ्या बापाला सांग, भाकरी वाढलीय."

सुलाबाईनं हे ओट्याकडे तोंड करूनच सांगितलं. झुंबर तिच्या पाठीमागे, भिंतीला टेकून ताटावर बसले होते. दोघांच्या मधे सृष्टी.

"आबा, भाकरी वाढलीय."

"ऐकू आलं. तिला म्हणावं, कालवणात मीठ कमी हाय. बरणी दे."

"आई, मिठाची..."

"बरणी उशालाच घेऊन झोपा म्हणावं. सारखी बोंब नको."

पेठ रोडच्या त्या वसाहतीत आता सगळ्यांना हे ठाऊक होतं. शेजारच्या बाया सुरुवातीला पदराआड हसत, नंतर त्यांनीही हसणं सोडलं. सृष्टी कामावर गेलेली असली की घरात दिवसभर कुणी कुणाशी बोलत नसे. ती परतली की तुंबलेलं सगळं बोलणं तिच्यावर येऊन आदळे. संघर्ष गेल्यापासून हे असं चाललं होतं.

संघर्ष म्हणजे सृष्टीचा थोरला भाऊ. त्याच्याकडे एक जुनी जीप होती, चारही चाकांना जोर लावता येणारी, झुंबरनी भंगारातून उचलून उभी केलेली. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची माणसं नाशिककडच्या बागांमध्ये कामाला येतात. त्यांना आणायचं आणि काम संपलं की घरी सोडायचं, हा संघर्षचा धंदा. डांबर जिथे संपतं तिथे बाकीच्या गाड्या माणसं उतरवून माघारी वळत. ही जीप दगडगोट्यांतून थेट पाड्यापर्यंत जाई. गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर तो असाच मजूर सोडून रिकामा परत येत होता. घाट उतरताना एका वळणावर धावत्या जीपची मागची चाकं एकाएकी जागच्या जागी आवळली गेली. गाडी आडवी फिरली आणि कठडा नव्हता त्या बाजूनं खाली गेली. जीप झाडांना अडून राहिली. संघर्ष राहिला नाही.

तपासायला आलेल्या साहेबांनी सांगितलं, मागचं डिफरन्शियल जाम झालं होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, ते हे. इंजिनाचा जोर एका लांब दांड्यानं तिथवर येतो आणि आत दोन दातेरी चाकांवरून काटकोनात वळून डाव्या-उजव्या चाकांकडे जातो. त्या दोघांतलं लहान ते पिनियन, ताटाएवढं मोठं ते क्राऊन. जीपमधली ही जोडी झिजून घरघर करायला लागली होती, म्हणून त्याच वर्षी होळीच्या सुमाराला झुंबरनी ती बदलली होती. बेअरिंगंही नवी घातली होती. तीस वर्षं ते हेच काम करत आले होते.

दवाखान्याच्या पायरीवर सुलाबाईनं त्यांना एकच विचारलं, "मागचं काम कुणी केलं होतं?"

कुणी केलं होतं ते तिला माहीत होतं. झुंबरना माहीत होतं. ते काही बोलले नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, पाहुणे पांगले, तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. झुंबर तरीही गप्प. त्या दिवसापासून सुलाबाईनं त्यांच्याशी थेट बोलणं टाकलं.

"चुकलं असंल तर चुकलं म्हणावं माणसानं," ती सृष्टीला म्हणे. "नसंल चुकलं तर नाय म्हणावं. पोटचं पोरगं गेलं अन् दगडासारखं बसून ऱ्हायचं, याला काय म्हणायचं?"

झुंबर सृष्टीजवळ मात्र एकदा बोलले होते. "पिनियनचं बेअरिंग जरा ढिलं वाटलं मला. म्हणून आतली एक चकती काढली आन् नट आवळला. जास्तच आवळला असंल. जास्त आवळलं की तापतं, तापलं की जळतं." मग त्यांनी शेडला कुलूप लावलं. ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी दोनचारदा बोलावून पाहिलं. ते गेले नाहीत.

सृष्टीनं पदार्थविज्ञानात एमएस्सी केलं होतं. अंबडला एका प्रयोगशाळेत ती तुटलेले, झिजलेले, जळलेले भाग तपासायची आणि ते का तुटले हे सांगायची. म्हणजे जो प्रश्न तिच्या घराला वर्षभर खात होता, तसे प्रश्न ती रोज सोडवत होती. घाटातून ओढून आणलेली जीप शेडच्या जाळीच्या दाराआड ताडपत्रीखाली उभी होती आणि ती रोज त्या दारावरून ये-जा करत होती. आबा उघडू देत नाहीत, असं ती म्हणायची. ते खरंच होतं. पण आत आबांची चूक निघाली तर पुढे या घरात राहायचं कसं, ही भीतीही तितकीच खरी होती.

मग देवळ्याहून योगेश आला. कांद्याची शेती, तिशीचा, बोलायला मोकळा. जुन्या जीपचं त्याला वेड होतं, ही विकत मागायला आला होता.

"काका, ताडपत्री काढा की. नवरी बघायला आलोय, पदर तरी सरकवा."

झुंबर हसले नाहीत. "मागचं जाम हाय."

"असू द्या ना. मी बघतो काय करायचं ते."

"तशी नाय देणार."

"मग करून द्या. तुमच्या हातचं काम म्हणूनच इथवर आलोय, नाहीतर मालेगावात जीपा काय कमी आहेत?"

"हात ऱ्हायला नाय आता," झुंबर म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

सुलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. "सृष्टे," ती म्हणाली, "तू उघड ते. काय निघायचं ते निघू दे. आन् जे निघंल ते मला सांग. तू खोटं बोलायची नाय, मला ठाव हाय."

सृष्टीनं आबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून खुर्चीच्या हातावर ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं शेड उघडली. विहारात वंदनेला जायचं म्हणून सुलाबाई पांढरं पातळ नेसून तयार होती. जाता जाता दारात थांबली. "सांगशील ना?"

"सांगेन."

सृष्टीचं स्वतःचं एक गणित होतं. आबांची चूक नव्हती असं सिद्ध करता आलं, तर तिला मधे बसावं लागणार नव्हतं. आई त्यांना स्वतः म्हणेल, जेवायला या. तेवढंच तिला हवं होतं. पण हवं तेच दिसायला लागतं, हे प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यातच शिकवतात. म्हणून तिनं ठरवलं, जे दिसेल तेवढंच म्हणायचं, पुढचं नाही.

जीपचा मागचा भाग जॅकवर उचलून तिनं खाली लाकडी ठोकळे सरकवले. तेल काढायचा बोल्ट सोडला. दीडेक लिटर तरी यायला हवं होतं. परातीत पडलं ते चहाच्या कपाएवढं, डांबरासारखं काळं, जळक्या वासाचं. तिनं ते नुसतं पाहून ठेवलं. तेल घाटात गाडी उलटताना सांडलं असेल, असंही म्हणता येत होतं.

मग चाकं, त्यांच्या आतले दांडे, मागचं झाकण. क्राऊन बाहेर काढताना तिचा जोर कमी पडला. ती पहार शोधत होती तेवढ्यात पलीकडून दोन हात आले आणि त्यांनी क्राऊनला खालून आधार दिला.

"ओढू नको. हलव अन् घे," झुंबर म्हणाले.

ते कधी उठून आले, तिला कळलं नव्हतं. तिनं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून क्राऊन गोणपाटावर ठेवला. मग झुंबरनीच पिनियनचा नट सोडवला, लांब पाइप लावून. पिनियन बाहेर आलं तेव्हा त्यांनी मान वळवली. "तूच बघ," म्हणाले.

सृष्टीनं सगळं डिझेलमध्ये धुतलं आणि उन्हात ओळीनं मांडलं.

आधी दाते. दातांवर कोरडं घासल्याचे उभे ओरखडे होते, पण त्याखाली जुना, गुळगुळीत, चकचकीत पट्टाही दिसत होता. दात दाताला जिथे टेकतो तिथे असा पट्टा उमटतो. बसवणाऱ्याचं माप चुकलं असेल तर तो दाताच्या टोकाला किंवा बुडाशी सरकतो. इथे तो प्रत्येक दाताच्या बरोबर मधोमध होता.

"आबा, जोडी तुम्ही सरळ बसवली होती."

"जोडीचं नाय बोलत मी. बेअरिंग सांग."

पिनियनच्या दांड्यावर दोन बेअरिंगं असतात, एक आतल्या बाजूला दातांजवळ, एक पुढे, तोंडाशी. पुढचं बेअरिंग जळून गेलं होतं. पोलाद तापलं की आधी पिवळसर होतं, मग जांभळं, मग निळं. हे निळ्याच्याही पुढे जाऊन काळं पडलं होतं. त्याचे रोलर वितळून एकमेकांना चिकटले होते. चाकं आवळली गेली ती इथे. सृष्टीनं ते हातात घेतलं. लिंबाएवढी वस्तू. दादा त्यापायी गेला होता.

मग तिनं दुसरं, आतलं बेअरिंग उचललं. कापडानं पुसलं. बोटानं फिरवलं. ते सरसर फिरलं. पुन्हा फिरवलं.

"आबा, इकडे या. हे बघा."

"काय?"

"हे आतलं. चांगलं आहे."

"मग?"

"दोन्ही एकाच दांड्यावर, एकाच नटानं आवळलेली. नट जास्त आवळला असता तर दाब दोघांवर सारखा आला असता. दोन्ही जळायला हवी होती. आणि जळायची तर होळीनंतर पंधरवड्यातच जळली असती. दिवाळीपर्यंत थांबली नसती." तिचा आवाज चढत चालला होता, तिनं तो खाली आणला. "आतलं बेअरिंग उरलेल्या तेलात भिजत राहिलं. पुढचं उंचावर असतं. तेल कमी झालं की आधी तेच कोरडं पडतं. घाट चढताना तर पार कोरडं. आबा, हे आवळल्यानं नाही जळलं. तेल नव्हतं म्हणून जळलं."

झुंबर आतलं बेअरिंग तळहातावर फिरवत राहिले. फिरवत राहिले आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर पाणी जमा झालं. त्यांनी ते बाहीनं पुसलं.

"तेल गेलं कुठं मग?" ते म्हणाले. "सील तर मी नवं घातलं होतं."

सृष्टीनं सील काढलं. पिनियनच्या तोंडाशी तेल अडवणारी ती रबराची कडी. कडीचा ओठ आत वळलेला असतो. हा बाहेर उलटला होता, कुणीतरी आतून फुंकर मारल्यासारखा. खालच्या लोखंडावर तेलाचा जुना ओघळ होता, त्यावर धुळीचे थर चढलेले. म्हणजे गाडी उलटताना तेल सांडलं नव्हतं. महिनोन्‌महिने गळत होतं.

"आतून दाब आला," झुंबर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जुना मिस्त्री जागा झाला होता. "ब्रीदर बघ."

आतलं तेल तापलं की हवा फुगते. तिला बाहेर पडायला वरच्या नळीवर बोटाच्या पेराएवढं एक टोपण असतं, त्याला बारीक भोक. त्याला ब्रीदर म्हणतात. ते बुजलं की हवा दुसरी वाट शोधते आणि सील उलटवते. चिखलाच्या वाटांवरच्या गाड्यांत चिखलानं बुजतं. सृष्टी पाठीवर झोपून जीपखाली सरकली, टोपण सोडवलं आणि बाहेर येऊन उजेडात धरलं.

चिखल नव्हता. भोकात रंग भरला होता. निळा ऑइलपेंट, दोन हात दिलेला, वाळून गोटीसारखा टणक झालेला.

सृष्टीनं नखानं तो टोकरून पाहिला. निघाला नाही.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा संघर्षच्या जीपवर ठेवायचं मंडळानं ठरवलं होतं. वसाहतीत हा मान पहिल्यांदाच त्यांच्या घराला मिळत होता. पोरांनी वरून जीप निळी केली. सुलाबाईनं आयुष्यभर रंगकाम केलं होतं. ठेकेदारांच्या हाताखाली तिनं नाशिकमधल्या कितीतरी इमारती आतून-बाहेरून रंगवल्या होत्या. तिला पोरांचं काम पसंत पडलं नाही. "वरून चकचकीत आन् खालून गंजलेली? बाबासाहेब बसणार हायेत हिच्यावर," असं म्हणून उरलेला डबा आणि ब्रश घेऊन ती स्वतः गोणपाट टाकून जीपखाली शिरली. संघर्ष शेजारी लोळून हसत होता. "आई, खाली कोण बघणार आहे?" "रस्ता बघंल," ती म्हणाली. एक जागा सोडली नाही तिनं. पहिला हात, वाळल्यावर दुसरा हात. आबा तेव्हा मंडपाच्या कामाला गेले होते. सृष्टी तिथेच होती. ती जीपखाली डबा पुढे सरकवत होती.

झुंबरनी टोपण तिच्या हातातून घेतलं. खिळ्यानं तो रंग टोकरून काढला. निळा खडा खाली पडला, तो त्यांनी पायानं मातीत दाबला. मग टोपण डिझेलमध्ये धुतलं, तोंडाला लावून फुंकलं. हवा आरपार गेली.

"हिला सांगायचं नाय," ते म्हणाले.

"आबा..."

"नाय सांगायचं."

"ती येईल आता. पहिलं हेच विचारेल. मी तिला कबूल केलंय."

"काय सांगशील? तुझ्या ब्रशानं पोरगं गेलं म्हणून?"

"असं कशाला सांगेन? ब्रीदर काय असतो हे तिला कुणी कधी सांगितलं होतं? यात तिचा दोष नाही. मी नीट समजावीन."

"तू नीटच समजावशील. तिला नीट ऐकू येईल का?"

सृष्टीनं विहाराच्या वाटेकडे पाहिलं.

"माझंच बघ," झुंबर म्हणाले. "एका चकतीवर वरीस काढलं मी. डोळा मिटला की चकती दिसायची. आन् ती चकती बरोबर होती म्हणती तू. मग जिच्या हाताचं खरंच निघालं तिचं काय होईल? ती लेकराच्या शेजारी झोपून रंग देत होती, सृष्टे. तिच्याकडं तेवढाच एक दिवस उरलाय चांगला. तोच काढून घ्यायचा?"

"पण मग तुम्ही? ती तुमच्याशी बोलत नाही."

"माझ्या गप बसण्यावर रागावलीय ती. तर बोलतो."

"खोटं?"

"खोटं कुठं? तेल बघायचं काम कुणाचं होतं? माझं. बघितलं असतं एकदा खाली वाकून, तर गळती दिसली असती. नाय बघितलं. म्हणजे चुकलंच की माझं. तेलाचं काढलं तर ती विचारंल, गेलं कुठं; म्हणून नटाचंच सांगतो."

"हे मोजूनमापून केलेलं खोटं आहे, आबा."

"असू दे. आपल्याला मापाचंच काम येतं."

सुलाबाई आली तेव्हा उन्हं चढली होती. तिनं मांडून ठेवलेल्या भागांकडे पाहिलं, मग सृष्टीकडे. "निघालं काही?"

सृष्टीनं तोंड उघडलं. त्याआधी झुंबर उठून उभे राहिले होते.

"सुला," ते म्हणाले. या नावानं त्यांनी वर्षभरात हाक मारली नव्हती. "माझं चुकलं."

ती दोन पावलं पुढे आली. म्हणाली, "काय चुकलं?" सृष्टीला नाही, त्यांना.

"नट जास्त आवळला. बेअरिंग जळलं. हे बघ." काळं पडलेलं बेअरिंग त्यांनी तिच्यापुढे धरलं.

सुलाबाईनं ते हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. "मग वरीसभर काय मिठाची गुळणी धरली होती?" तिचा आवाज फाटला. "तवाच बोलला असतात तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? माणसाच्या हातून चुकतं. मला का कळत नाय? तुमचंबी पोरगं होतं ना ते? मी वाट बघायची, आज बोलतील, उद्या बोलतील. तुमच्या शेजारी झोपून एकटी रडले मी. एकटी!"

बोलता बोलता ती खालीच बसली, पांढऱ्या पातळासकट.

"सुला, तेल हाय तिथं."

"असू दे."

झुंबर तिच्या शेजारी बसले, त्याच तेलात. तिनं कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकवलं आणि हंबरडा फोडला. शेजारच्या घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. सृष्टी पाने गोळा करायला लागली. कुठला पाना कुठे ठेवायचा हे तिला आठवत नव्हतं. तिला हवं होतं ते झालं होतं. आई आबांशी बोलत होती.

त्या दुपारी ओट्याशी भांडी विसळताना सुलाबाईनं तिला हळूच विचारलं, "हे म्हणतात तसंच निघालं ना? का मला बरं वाटावं म्हणून म्हणतात?"

प्रयोगशाळेत सृष्टीनं न पाहिलेलं पाहिलं म्हणून कधीच लिहिलं नव्हतं. एकदा तर साहेबाशी भांडली होती त्यावरून.

"तसंच निघालं," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," सुलाबाई म्हणाली आणि ताट पुसून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात नवी जोडी, नवी बेअरिंगं, नवं सील आलं. झुंबर पहाटेच शेडमध्ये जाऊन बसायचे. सृष्टी कामावरून आली की दोघं मिळून करायचे. जोडी बसली की दाते कुठे टेकतात ते बघायला त्यांची जुनी पद्धत होती: शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा, क्राऊन हातानं फिरवायचा आणि कुठला शेंदूर पुसला गेला ते पाहायचं. शेंदराची पुडी पंचवटीतल्या पूजेच्या दुकानातून यायची. दुकानदार दर वेळी विचारायचा, कुठल्या मारुतीला? झुंबर म्हणायचे, मागच्या दोन चाकांमधल्या. वसाहतीतले लोक चिडवत, बौद्धाच्या घरात शेंदूर! संघर्ष त्यावर म्हणायचा, आमच्यात देवाला नाही, दाताला लावतात. या वेळी कुणी चेष्टा केली नाही. शेंदूर दातांच्या मधोमध पुसला गेला. झुंबरनी मापाच्या चकत्या सृष्टीकडून मोजून घेतल्या आणि नट तिलाच आवळायला लावला.

"बस?" तिनं विचारलं.

"तूच सांग."

तिनं दांडा फिरवून पाहिला. "बस."

जीप पेठ रोडनं फिरवून आणली. मागून आवाज नव्हता. योगेशला निरोप गेला. तो सकाळी येणार म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी सुलाबाई शेडमध्ये आली. तिच्या हातात ब्रश होता आणि झाकण घट्ट बसलेला एक जुना डबा.

"खालून पार खरवडलंय तुम्ही सगळं," ती झुंबरना म्हणाली. "लोखंड उघडं पडलंय. गंज चढंल. थोडा रंग उरलाय त्यातला, हात मारून देते. पोराची गाडी हाय, अशी कशी द्यायची?"

सृष्टीच्या हातातलं कापड तसंच राहिलं. तिनं आबांकडे पाहिलं. काही कारण सांगायला हवं होतं. रंग जुना झालाय. उशीर झालाय. तिला एकही धड सुचेना.

"मार की," झुंबर म्हणाले. "थांब, मी बी येतो."

त्यांनी गोणपाट पसरलं. सुलाबाई पदर खोचून जीपखाली शिरली, तिच्या पलीकडून झुंबर शिरले. सृष्टी उकिडवी बसून पाहत राहिली. खाली अंधुक होतं. पाठीवर निजलेली दोन म्हातारी माणसं, मधे डबा. सुलाबाईचा हात अजूनही सराईत होता. ब्रश लोखंडावरून एका दमात लांब जाई आणि ओघळ न सांडता परत येई.

ब्रश वरच्या नळीकडे आला तसा झुंबरनी हात लांब केला आणि छोट्या टोपणावर अंगठा ठेवला.

"हात काढा. तेवढं राहील."

"राहू दे तेवढं. ग्रीस लागलंय तिथं, रंग धरायचा नाय."

"मागं तर धरला होता."

सृष्टी आणखी खाली वाकली.

"मागं मी नव्हतो ना हितं," झुंबर म्हणाले.

सुलाबाईचा ब्रश क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "तुम्ही कधीच नसता हितं. सरका जरा, माझ्या तोंडावर कोपर येतंय." आणि तिनं अंगठ्याच्या कडेकडेनं रंग द्यायला सुरुवात केली, सावकाश, नखाला लागू न देता.